अमावस्येचं विमान

निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, नाहीतर सुनेच्या डोक्यावर बसतात. मला सूर नाही आणि सून बंगळुरूला. राहिले आमचे हे. सातपूरच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं डिस्पॅचला होते. माल तपासून घ्यायचा, चलन फाडायचं, ट्रकवाल्यांशी भांडायचं. रोज चार माणसांवर ओरडायची सवय असलेली बाई एकदम घरात बसली तर दुसरं काय होणार? तिसऱ्या महिन्यात हे हात जोडून म्हणाले, "तू कुठेतरी समाजसेवा कर बाई. समाजाचं काय व्हायचं ते होईल, मला जरा पेपर वाचू दे."

अशी मी संस्थेत आले. संस्था म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबल थरथरायचं आणि फायलींवर पीठ बसायचं. आमच्याकडचा कुठलाही अर्ज झटकल्याशिवाय वाचता येत नसे. संस्था चालवणारी वकीलबाई माझ्या मुलाच्या वयाची, पण डोकं शांत आणि जीभ धारदार. तिने पहिल्या दिवशी काम समजावून सांगितलं. परदेशातून आलेली काही माणसं इथे अडकून पडतात. कुणाचा व्हिसा संपलेला, कुणाचा पासपोर्ट हरवलेला. कोर्टात दंड भरून केस संपते, पण मायदेशी जायचा कागद हातात येईपर्यंत त्यांना मोकळं सोडत नाहीत, एका सरकारी इमारतीत ठेवतात. ते कैदी नाहीत, पण दाराला कुलूप आहे. आपण त्यांना भेटायचं, कपडे-औषधं न्यायची, घरच्यांशी फोनवर बोलणं करून द्यायचं आणि त्यांच्या दूतावासाचा पिच्छा पुरवायचा.

"काकू, तुम्हाला कागदपत्रांची सवय आहे ना?" तिने विचारलं.

"सवय? अगं, मी चलनाशिवाय नवऱ्यालासुद्धा घराबाहेर सोडलं नाही."

ती हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती.

ती इमारत शहराबाहेर, शेतांच्या कडेला. पूर्वी तिथे कसलं तरी वसतिगृह होतं म्हणे. बायकांच्या बाजूला सायखेड्याची एक कॉन्स्टेबल होती. आवाज असा की गोदावरीच्या या काठावरून त्या काठावरच्या म्हशीने मान वर करावी. मन मात्र लोण्याचं. तिथल्या माणसांना ती 'पाहुणे' म्हणायची. माझ्या वाट्याला आलेली पाहुणी टांझानियाची होती. तिशीतली, उंच, ताठ. शिकायला म्हणून आली होती, कॉलेजच्या दलालाने नवा व्हिसा करून देतो म्हणून पासपोर्ट नेला, तो नेलाच. मग केसांच्या वेण्या घालून देण्याचं काम करत इकडे तिकडे राहिली, आणि एक दिवस सापडली.

पहिल्या भेटीला मी भाषण पाठ करून गेले होते. घाबरू नका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत, कायदा आपलं काम करेल, वगैरे. हिंदीतून. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, मी नाय घाबरले. पन तुला लय घाम आलाय. पानी पी आधी."

मी गारच पडले. कॉन्स्टेबलबाई भिंतीला टेकून खो खो हसायला लागली. पाच महिने हिच्या संगतीत राहून टांझानियाची पाहुणी अस्सल सायखेड्याचं मराठी बोलायला लागली होती. आमची शहरी भाषा तिला सपक वाटायची. "तू पुस्तकावानी बोलती," ती मला म्हणायची. घ्या! जन्म गेला माझा नाशकात, आणि मला मराठीचे मार्क देणार ही.

दर मंगळवारी मी जायचे. तिच्या घरी मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा शिजवतात, त्याला उगाली म्हणतात. त्याची तिला फार आठवण यायची. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! पांढरा मका शोधून आणला, खालच्या गिरणीत दळायला टाकला. गिरणीवाल्याने हरभऱ्याच्या डाळीनंतर लगेच माझा मका घातला आणि मला सांगितलं नाही. डबा उघडून तिने एक घास तोंडात टाकला, डोळे मिटले. मला वाटलं, बिचारी गहिवरली.

"मावशी," ती म्हणाली, "हे पिठलं हाय."

मग तिने माझ्या केसांवर सूड उगवला. एका मंगळवारी माझ्या पिकल्या केसांच्या डोक्याला चिकटून पंधरा-वीस बारीक वेण्या घातल्या. मी नको नको म्हणत होते आणि कॉन्स्टेबलबाई फोटो काढत होती. तशीच बसने घरी आले. ह्यांनी दार उघडलं, मला पाहिलं, आणि अत्यंत आदराने विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण तिचं खरं मन एकाच गोष्टीत अडकलेलं होतं. तिची मुलगी. पोर चार वर्षांची असताना आजीकडे ठेवून ही आली, आता पोर आठ वर्षांची. माझ्या फोनवरून आठवड्याला दहा मिनिटं बोलणं व्हायचं. सुरुवातीला ती पोर धबधब्यासारखी बोलायची. हळूहळू बोलणं आटत गेलं. 'हो', 'नाही', 'जेवले', 'आजीला देऊ?' पाहुणी फोन ठेवल्यावर मला सांगायची, "ती आता मला पाव्हनी समजती." आणि जानेवारीत त्या मुलीची नवीन शाळा सुरू होणार होती, गावातली मोठी शाळा. आईने वचन दिलं होतं की पहिल्या दिवशी तुझ्या वेण्या मी घालीन आणि हात धरून शाळेत मी नेईन. तेव्हापासून पोर पुन्हा बोलायला लागली होती. आजीला, शेजाऱ्यांना, सगळ्या गल्लीला तिने सांगून ठेवलं होतं. त्यामुळे आमच्या फायलीवर वकीलबाईने पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: शाळेच्या आत.

डिसेंबरच्या मध्याला दूतावासाचा कागद आला. पासपोर्ट नसलेल्या माणसाला एकदाच घरी जाण्यापुरता देतात तो. मी तो तीनदा वाचला, दोनदा झटकला. मुदत रविवारपर्यंत. वकीलबाई कोर्टात निघाली होती. जिना उतरता उतरता ओरडली, "काकू, शुक्रवारचं विमान मिळतंय का बघा! लगेच बुक करा!"

शुक्रवारी सीट होती. खिडकीची होती. मी बोट टेकवणार, तेवढ्यात नजर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. शुक्रवारच्या चौकोनात काळा गोल. अमावस्या.

आता इथे थांबून एक सांगायला हवं. मी देवभोळी नाही. सासर पंचवटीतलं, यात्रेकरूंचे विधी करणाऱ्यांचं. आधी सासरे, आता दीर. त्या घरात अमावस्या म्हणजे ऐन सीझन. पितरांसाठी लोक लांबलांबून येतात, दिराला दुपारी चारपर्यंत जेवायला सवड नसते. म्हणजे आमच्या घराचं पोट अमावस्येवर चाललेलं. आणि त्याच घराचा दंडक असा की अमावस्येला प्रवासाला पाऊल बाहेर टाकायचं नाही. कारखान्यातही तेच. त्या दिवशी ट्रकवाले नारळ फोडल्याशिवाय चाक हलवायचे नाहीत, आणि लांबचा माल असला तर मीच म्हणायचे, राहू दे रे बाबा, उद्या काढ. माझा विश्वास होता का? नव्हता. पण उगाच विषाची परीक्षा कशाला घ्या? आणि इथे तर कुणाची तरी लेक चार वर्षांनी घरी निघालेली. समुद्रावरून जायचंय. काही झालं असतं तर मी स्वतःला काय तोंड दाखवलं असतं?

शनिवारी त्या मार्गाचं विमानच नव्हतं. रविवारी संध्याकाळी होतं. मी रविवारचं बुक केलं.

वकीलबाई अशा गोष्टींवर जाम भडकते. तिच्या लग्नाची तारीखसुद्धा तिने कोर्टाच्या सुट्ट्या पाहून काढली होती. म्हणून मी तिला सांगितलं, "शुक्रवारचं भरलं गं. रविवारचं मिळालं."

"रविवार? मुदतीत बसतंय ना काकू?"

"रविवारपर्यंत आहे की. एकतीस वर्षं तारखाच बघितल्यात मी."

ती बरं म्हणाली. माझ्यावर विश्वास होता तिचा.

शुक्रवार आला आणि गेला. आकाश निरभ्र, कुठे काही पडलं नाही, बुडलं नाही. दिराकडे पानं उठायला पाच वाजले. मला आपलं समाधान, की आपण काळजी घेतली. शनिवारी मी तिच्यासाठी चिवडा केला, मुलीसाठी हत्तींचा फ्रॉक घेतला. हो, फ्रॉकवर हत्ती होते. ज्या देशात खरे हत्ती हिंडतात तिथे मी छापलेले हत्ती पाठवत होते. ह्यांनी एवढंच सुचवलं, "सोबत नाशिकची द्राक्षं पाठव, त्यांच्याकडे वाळवंट असेल." आम्हा दोघांचा भूगोल सारखाच.

रविवारी पुढे पोलिसांची गाडी, मागे वकीलबाईची. कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत पाहुणी मागच्या काचेतून आमच्याकडे बघून हात हलवत होती आणि कॉन्स्टेबलबाई मध्ये मध्ये दोन्ही हातांनी विमान उडवून दाखवत होती. ती स्वतः पहिल्यांदाच विमानतळ बघणार होती. विमानतळाच्या दारात पाहुणीने मला उचललं. अक्षरशः उचललं, जमिनीवरून. "मावशी, तू लय हलकी हाय," म्हणाली, आणि त्या दोघी आत गेल्या. आम्हाला आत सोडत नाहीत. आम्ही काचेबाहेर उभं राहून उरलेला चिवडा खाल्ला. वकीलबाईने फाईल बंद करायचं पत्र मनातल्या मनात लिहायला घेतलं होतं, तसं ती म्हणालीसुद्धा.

पाऊण तासाने कॉन्स्टेबलबाई बाहेर आली. एकटी.

"ताई, घोळ झाला. ते म्हणत्यात हा कागद आज राती बाराला मरतो. आन् हिला तिकडं उतरायला उद्या दुपार व्हनार. उतरून देनार नायत म्हनत्यात. बसूच देत नायत."

मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. एकतीस वर्षं मी माल सुटायची तारीख पाहिली होती. ट्रक गेटबाहेर पडला की डिस्पॅचचं काम संपलं. कधी पोचला, ते घेणाऱ्याने बघावं. शुक्रवारी निघाली असती तर शनिवारी दुपारी मुदतीत घरी उतरली असती. मी तिला रविवारी काढली आणि सोमवारचा हिशेबच केला नाही.

वकीलबाई या दारापासून त्या दारापर्यंत धावली, फोन केले, वरच्या माणसाला गाठलं. काही उपयोग झाला नाही. दूतावासाला त्या दिवशी सुट्टी, आणि पुढे नाताळ, मग नवं वर्ष. नवा कागद म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं. काचेच्या आत पाहुणी बॅगेवर बसली होती. हत्तींचा फ्रॉक तिने बाहेर काढून मांडीवर ठेवला होता, कारण बॅगेत तो चुरगळत होता.

परत येताना पुढच्या गाडीतून कुणी हात हलवला नाही. इगतपुरीला चहाला थांबलो. ती गाडीतून उतरली नाही. मी वकीलबाईला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. शुक्रवारची सीट, खिडकी, काळा गोल, सगळं. मला वाटलं ती मला घाटातून खाली ढकलेल. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"मी तिला कागदाची अडचण आली एवढंच सांगितलंय," ती म्हणाली. "ते खोटं नाहीये. पण काकू, हे मला सांगून काय उपयोग? तिला सांगा."

सोमवार मी कसा काढला ते मला माहीत. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "चूक कुणाच्याही हातून होते." मी त्यांच्यावरच खेकसले. कुणाच्याही हातून अशी चूक होत नाही. त्यासाठी पंचवटीत सासर लागतं, सातपूरला नोकरी लागते आणि वर आपल्याला सगळं कळतं अशी खात्री लागते. या तिन्ही गोष्टी माझ्याकडे होत्या.

मंगळवारी डबा घेऊन गेले. पांढऱ्या मक्याचं पीठ, या वेळी गिरणीवाल्याच्या उरावर उभं राहून दळलेलं. ती नेहमीच्या बाकावर बसली होती, कॉन्स्टेबलबाई शेजारी. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बसले असते तर धीर झाला नसता.

तिला आधी कळलंच नाही. "अमावस्या म्हंजी काय?" तिने कॉन्स्टेबलबाईला विचारलं.

"चांद नसतो ती रात," कॉन्स्टेबलबाई म्हणाली. "आमच्यात बाहेर निघत नाय कोनी त्या दिवशी."

पाहुणी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, तिचं गाव मोठ्या तळ्याच्या काठी आहे. तळं म्हणजे आपलं गंगापूर धरण नाही, पलीकडचा काठच दिसत नाही असं. तिचा बाप मासे धरतो, बोटाएवढे चंदेरी मासे. ते चांदण्यात मिळत नाहीत. चंद्र नसला की काठावरच्या सगळ्या होड्या कंदील लावून निघतात, मासे उजेडाकडे येतात, सकाळी अख्खा काठ चंदेरी होतो. मग घरात पैसा येतो, पोरांना कपडे येतात. लहानपणी ती त्या रात्रीची बोटावर दिवस मोजून वाट बघायची. "माझा बाप चांदन्यात नाय निघत," ती म्हणाली. "अंधाराचाच दिस आमचा चांगला दिस."

मी डबा बाकावर ठेवला.

"मला इचारायचं ना मावशी," पाहुणी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "विमान माझं व्हतं. पोरगी माझी व्हती. येकदा तरी इचारायचं."

खरंच, मी विचारलंच नव्हतं. तिला काय आवडतं, काय खाते, रंग कुठला, मुलीचं माप किती, हजार गोष्टी विचारल्या होत्या. कधी जायचंय, हे विचारलं नव्हतं. ते मी तिच्यासाठी ठरवून टाकलं, जसं मी मुलाची शाळा ठरवली, सुनेच्या साड्या ठरवल्या, ह्यांचे शर्ट ठरवते. मला लाज वाटली. फार लाज वाटली.

पुढे नवा कागद आला तो जानेवारी संपता संपता, आणि ती गेली. तारीख तिने निवडली, तिकीट वकीलबाईने काढलं, मी कॅलेंडर भिंतीवरून काढून गिरणीवाल्याला देऊन टाकलं. शाळा सुरू होऊन तेव्हा तीन आठवडे होत आले होते. पण त्या मंगळवारची एक गोष्ट राहिली, ती मी घरी अजून कुणाला सांगितलेली नाही.

फोनची वेळ झाली होती. मी नेहमीसारखा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. तिने तो परत माझ्या हातात ठेवला.

"तू सांग तिला."

माझं इंग्रजी डिस्पॅचचं. माल मिळाला, माल फुटला, माल परत पाठवा, एवढंच धड येतं. ती पोर शाळेतलं इंग्रजी बोलते, सावकाश, एकेक शब्द नीट ठेवत. मी सांगितलं की आई शाळेच्या पहिल्या दिवशी येऊ शकणार नाही. थोडा उशीर होईल. शनिवार-रविवारचं, कागदाचं, विमानाचं काहीतरी सांगत सुटले. पलीकडे कोंबडा आरवत होता, आजी काहीतरी विचारत होती. पोरीने माझं सगळं ऐकून घेतलं. आईसारखंच, मध्ये न बोलता.

मग तिने विचारलं, "माझ्या आईला तुम्ही ठेवून घेतलंय का?"

मला सरकार सांगता आलं असतं. नियम सांगता आले असते, नाताळ सांगता आला असता. समोर तिची आई बसली होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं. "या वेळी मीच."

"मग आता सोडा ना," पोर म्हणाली.

मी सोडते म्हटलं, आणि फोन तिच्या आईला दिला.